स्प्रिंकलर लाईनला नायट्रोजन जनरेटर बसवताय? आधी गॅस कुठे सुटणार ते ठरवा

ड्राय आणि प्री-अ‍ॅक्शन स्प्रिंकलरवर नायट्रोजन जनरेटर बसवायची कामं आता आपल्याकडेही निघायला लागलीत. ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यातली डेटा सेंटरं आहेत, फ्रोजन मालाची गोडाऊनं आहेत, आणि परदेशी क्लायंट असला की त्याच्या इन्शुरन्सवाल्याच्या यादीत हे असतंच. मशीन बसवणं तसं अवघड नाही, कॉम्प्रेसर, फिल्टर, एक कपाटाएवढी पेटी आणि रायझरपर्यंत, म्हणजे स्प्रिंकलरला पाणी नेणाऱ्या मुख्य उभ्या पाईपापर्यंत, लाईन. पण बहुतेक जण याला एअर कॉम्प्रेसरचा मोठा भाऊ समजून बसवतात आणि तिथेच घोळ होतो, कारण कॉम्प्रेसरची हवा खोलीत सुटली तर कुणाला काही होत नाही, नायट्रोजन सुटला तर होतं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्राय किंवा प्री-अ‍ॅक्शनच्या पाईपात पाणी नसतं, दाबाखालची हवा असते, पाणी व्हॉल्व्हच्या मागे थांबलेलं असतं. ड्रायमध्ये स्प्रिंकलर फुटून दाब पडला की व्हॉल्व्ह उघडतो, प्री-अ‍ॅक्शनमध्ये आग ओळखणाऱ्या डिटेक्टरच्या सिग्नलवर. आता हायड्रो टेस्टचं (पाणी भरून घेतलेल्या दाबाच्या चाचणीचं) पाणी कधीच पूर्ण निघत नाही, स्लोप चुकलेला असतो, ग्रूव्हड कपलिंगच्या (पाईपाच्या टोकांना खाच पाडून बसवलेल्या जोडाच्या) खाचेत पाणी राहतं, आणि लाईन थोडी लीक असल्यामुळे कॉम्प्रेसर दिवसातून चार वेळा सुरू होऊन ताजा ऑक्सिजन आणि दमट हवा आत ढकलत राहतो. लोखंड, पाणी, ऑक्सिजन, तिन्ही हजर, मग गंज येणारच. "आम्ही जीआय टाकलंय" (जस्ताचा थर दिलेला पाईप) हे उत्तर इथे चालत नाही, साचलेल्या पाण्याच्या जागी जस्ताचा थर खाल्ला गेला की तिथेच पिटिंग होऊन पाईपाला भोक पडतं. ऑक्सिजन काढून टाकला तर ही साखळी तुटते, आणि जनरेटरचा नायट्रोजन कोरडा असल्यामुळे कोल्ड स्टोरेजमध्ये पाईपात बर्फाचा बूच तयार व्हायची भीतीही कमी होते.

एक प्रश्न मात्र क्लायंटला आधीच विचारा, ड्राय सिस्टीम हवीच कशाला? मुंबईतल्या साध्या ऑफिसात पाणी गोठत नाही, तिथे वेट सिस्टीम (पाईपात कायम पाणी) पुरते आणि जनरेटरचा खर्चच वाचतो. खरंच गरज असेल तर पुढे वाचा.

पहिलं काम: तीन तोंडं कागदावर काढा

मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी रायझर रूमचं एक साधं स्केच काढा आणि त्यावर गॅस बाहेर पडणारी तीन तोंडं दाखवा.

पहिलं तोंड जनरेटरचंच. मेम्ब्रेन टाईप (बारीक पडद्यातून गॅस वेगळे करणारं) असो की पीएसए (दाब कमी-जास्त करून शोषक भरलेल्या टाकीत वेगळे करणारं), मशीन हवेचे दोन भाग करतं, नायट्रोजन पाईपात जातो आणि उरलेला ऑक्सिजनवाला भाग बाहेर सोडला जातो. अडीच भाग हवेतून एक भाग नायट्रोजन काढला तर उरलेल्या दीड भागात ऑक्सिजन 33 टक्क्यांच्या आसपास बसतो. दुसरं तोंड पर्ज व्हेंटचं, जे सिस्टीममधला गॅस बारीक धारेनं सतत सोडत राहतं म्हणजे आतला जुना ऑक्सिजन हळूहळू निघून जातो. तिसरं तोंड ड्रेन, ट्रिप टेस्ट (व्हॉल्व्ह खरंच उघडतो का ते बघायची चाचणी) आणि डंपिंगचं, जिथून पाईपातला सगळा साठा एकदम सुटू शकतो. सगळं लक्ष पहिल्या तोंडाकडे जातं कारण ते मशीनवरच दिसतं. धोका जास्त करून तिसऱ्यात आहे.

हिशोब करून बघू. समजा डबल इंटरलॉक प्री-अ‍ॅक्शन आहे (डिटेक्टरचा सिग्नल आणि पाईपातला दाब पडणं, दोन्ही झालं तरच व्हॉल्व्ह उघडतो), 150 मिमीची लाईन 40 मीटर, 100 ची 60 मीटर, 50 ची 150 मीटर आणि 25 ची 350 मीटर. मीटरला साधारण साडेअठरा, सव्वाआठ, दोन आणि अर्धा लिटर धरा, म्हणजे 740 अधिक 495 अधिक 300 अधिक 175, एकूण 1710 लिटर. दाब 2 बार ठेवला तर रिकामं करताना 3420 लिटर गॅस बाहेर येतो. आपल्याकडची रायझर रूम म्हणजे बेसमेंटमध्ये, जिन्याखाली, बिनखिडकीची, 3 बाय 3 बाय 3 मीटर असेल तर 27 घनमीटर. दार बंद असताना फिटरनं तिथल्याच फ्लोअर ड्रेनवर सगळं सोडलं तर खोलीतला ऑक्सिजन 20.9 वरून साडेअठराच्या आसपास येतो. 19.5 च्या खाली गेलं की ती जागा ऑक्सिजन कमी असलेली मानतात. आणि हा आकडा पूर्ण खोलीची सरासरी आहे, ड्रेनच्या तोंडाशी वाकून गेज बघणाऱ्या माणसाच्या नाकासमोर तो याहून कितीतरी खाली असणार.

उलटंही होतं बरं का. जनरेटर खोलीतलीच हवा ओढतो, नायट्रोजन पाईपात नेऊन भरतो आणि ऑक्सिजनवाला भाग खोलीतच सोडतो, म्हणजे भरताना खोलीतला ऑक्सिजन वाढतो. याच खोलीत, बाहेरून फक्त भरपाईपुरती हवा आत येतेय असं धरलं तर एका भरणीत तो 23 च्या वर जातो, आणि 23.5 ला ऑक्सिजन-समृद्ध वातावरण मानतात, म्हणजे तेलकट चिंधी, कपडे, वायरचं इन्सुलेशन सगळं पटकन पेटतं. आग विझवायच्या खोलीत हे नकोच.

त्यामुळे माझा नियम असा की तिन्ही तोंडं इमारतीच्या बाहेर, मोकळ्या हवेत, कुठल्याही एसीच्या फ्रेश एअर इनटेकपासून आणि खिडकीपासून लांब. एकच तोंड बाहेर काढून बाकीची खोलीत ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण मग खोलीतला समतोल एकाच बाजूला ढळत राहतो. पर्ज व्हेंट मिनिटाला 3 लिटर सोडत असेल तर दिवसाला चार घनमीटरच्या वर होतं, शनिवार-रविवार बंद खोलीत ते साचू द्यायचं का हे तुम्हीच ठरवा. ऑक्सिजनवाल्या लाईनला वाटेत व्हॉल्व्ह लावू नका आणि पाईपाचा साईज बारीक करू नका, मागे दाब आला की मेम्ब्रेनची प्युरिटी पडते.

लीक आधी, मशीन नंतर

जुन्या सिस्टीमला जनरेटर लावायचा असेल तर आधी लीक शोधा. एनएफपीए 13 (स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन स्टँडर्ड) प्रमाणे नवीन लाईनची एअर टेस्ट 40 पीएसआयला म्हणजे 2.8 बारला 24 तास असते आणि 1.5 पीएसआयपेक्षा जास्त घट चालत नाही. जुन्या लाईनीसाठी एनएफपीए 25 (तपासणी-देखभालीचं स्टँडर्ड) मध्ये दर तीन वर्षांनी लीकेज टेस्ट आहे, 40 पीएसआयला दोन तास, 3 पीएसआयपर्यंत घट चालते. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन एकेक कपलिंग, एकेक स्प्रिंकलरचा धागा बघायचा, कंटाळवाणं काम आहे पण याला शॉर्टकट नाही. लीक तशीच ठेवून मोठं मशीन घेतलं की मशीन दिवसभर धावतं, फिल्टर लवकर जातात, आणि लीक होणारा नायट्रोजन फॉल्स सीलिंगच्या वर कुठे जातोय ते कुणालाच माहीत नसतं.

एक इशारा, हवेची टेस्ट 40 पीएसआयच्या वर नेऊ नका. पाण्याच्या टेस्टमध्ये कपलिंग सुटलं तर अंग भिजतं, गॅसच्या टेस्टमध्ये सुटलं तर तुकडा गोळीसारखा येतो. जास्त दाबाची टेस्ट पाण्यानंच, 200 पीएसआयला दोन तास. सीपीव्हीसी (प्लास्टिक) पाईप असेल तर हवेनं किंवा नायट्रोजननं टेस्ट करायचीच नाही.

साईज ठरवताना

सिस्टीमची सप्लाय 30 मिनिटात नॉर्मल दाब आणू शकली पाहिजे अशी एनएफपीए 13 ची अट आहे. वरच्या उदाहरणात 3420 लिटर अर्ध्या तासात म्हणजे मिनिटाला 114 लिटर नायट्रोजन, एवढं मशीन घेतलं तर पैसे वाया, कारण नंतर वर्षभर त्याला लीक आणि पर्ज एवढंच पुरवायचं असतं. म्हणून जवळपास सगळ्या मशीनमध्ये बायपास असतो, पहिली भरणी कॉम्प्रेसरच्या हवेनं पटकन करायची, सिस्टीम सर्व्हिसमध्ये आणायची, मग बायपास बंद करून नायट्रोजनवर टाकायचं. कॉम्प्रेसर त्या 114 लिटरवर निवडा आणि जनरेटर लीक रेट अधिक पर्जवर.

हा बायपास विसरला जातो, हमखास. ट्रिप टेस्ट झाली, ऑपरेटरनं बायपासवर भरलं, घरी गेला, आणि पुढचे सहा महिने लाईनीत दमट हवा, मशीन मात्र भिंतीवर शोभेला. बायपास उघडा राहिला तर पॅनलवर अलार्म आलाच पाहिजे, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

खोली, कॉम्प्रेसर, फिल्टर

मेम्ब्रेनचा शत्रू तेल. ऑईल-फ्री कॉम्प्रेसर घेतलात तर उत्तम, नाहीतर कोअलेसिंग फिल्टर (तेलाचे बारीक थेंब अडवणारा) आणि त्याच्या पुढे अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर हवाच. एकदा तेल गेलं की मेम्ब्रेन धुऊन परत येत नाही, नवीनच घ्यावी लागते. कोकणपट्टीत पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी किती निघतं ते ज्यांनी ड्रेन कॉक उघडलाय त्यांना माहीत आहे, त्यामुळे रेफ्रिजरेटेड ड्रायर आणि ऑटो ड्रेन लावा, आणि ऑटो ड्रेनची नळी दिसेल अशी ठेवा म्हणजे चोक झाली तर कळेल. फॅक्टरीच्या कॉमन युटिलिटी एअरवर जनरेटर टाकायचा मोह टाळा, दुसऱ्या शिफ्टला प्लांट बंद झाला की तुमची फायर सिस्टीम पण उपाशी.

उन्हाळ्यात पंप रूम तापते, कॉम्प्रेसर स्वतःही उष्णता टाकतो, मशीनच्या प्लेटवर तापमानाची मर्यादा दिलेली असते ती बघून एक्झॉस्ट फॅन द्या. फॅन नुसता लावू नका, बाहेरून हवा आत यायला दाराला खाली लूव्हर पण द्या, नाहीतर फॅन फिरतो आणि हवा हलत नाही.

वीजेचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. वेगळं सर्किट, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, सप्लाय इमर्जन्सी पॅनलवरून, कायमची वायरिंग, प्लग-सॉकेट नाही. मोबाईल चार्जिंगसाठी प्लग काढला आणि परत लावला नाही हे प्रकार घडतात. एमसीबीवर लॉकआऊटची (कुणी चालू करू नये म्हणून कुलपाची) सोय ठेवा आणि टाकी रिकामी केल्याशिवाय फिल्टरचं बाऊल उघडायचं नाही, फक्त वीज बंद करून दाब जात नाही.

सिस्टीम बंद ठेवायच्या आधी

जोडणीसाठी रायझर आयसोलेट करावा लागणार, म्हणजे तेवढा वेळ त्या भागाला स्प्रिंकलर नाही. क्लायंटला, सिक्युरिटीला, इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा, बंद व्हॉल्व्हला टॅग लावा, आणि 24 तासांत 10 तासांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर एनएफपीए 25 प्रमाणे फायर वॉच (आगीवर नजर ठेवणारा माणूस) किंवा तसाच पर्याय ठेवावा लागतो. माझ्या मते दोन तासांचं काम असलं तरी एक माणूस एक्स्टिंग्विशर घेऊन उभा ठेवा. त्या दिवशी त्याच भागात वेल्डिंगचं परमिट कुणालाही देऊ नका, एवढं साधं आहे पण दोन वेगळे कॉन्ट्रॅक्टर असले की कोण कुणाला विचारतं.

जोडणी

जनरेटर ते रायझर लाईन अर्धा इंच किंवा मोठी, स्टेनलेस किंवा कॉपर चांगली, प्रत्येक रायझरला स्वतंत्र एअर मेंटेनन्स डिव्हाईस, म्हणजे लाईनीतला दाब टिकवणारं उपकरण. त्यात स्ट्रेनर, रेग्युलेटर, एनआरव्ही (गॅस उलटा येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि रिस्ट्रिक्टेड ओरिफिस (गॅस हळू जावा म्हणून मुद्दाम बारीक ठेवलेलं भोक) असतो, बाजूला फास्ट फिलचा बायपास. ओरिफिस मोठा करायचा नाही, "भरायला वेळ लागतो" म्हणून ड्रिल मारणारे फिटर असतात. आगीत एक स्प्रिंकलर फुटला आणि सप्लायनं तेवढाच गॅस पुरवत ठेवला तर लाईनीतला दाब पडतच नाही, व्हॉल्व्ह उघडत नाही, पाणी येत नाही. नायट्रोजनच्या सगळ्या कामात हीच चूक सरळ इमारतीच्या जिवावर उठते.

दाब किती ठेवायचा ते व्हॉल्व्हच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यावरून, आणि ड्राय व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या हिशोबाच्या ट्रिप प्रेशरवर (ज्या दाबाला व्हॉल्व्ह उघडतो) आणखी 20 पीएसआय ही एनएफपीएची पद्धत. प्री-अ‍ॅक्शनला सुपरव्हिजनसाठी (लाईन लीक झाली की कळावं म्हणून) किमान 7 पीएसआय. उगाच जास्त ठेवला तर ट्रिप व्हायला वेळ लागतो.

पर्ज व्हेंट लाईनीच्या शेवटी लावायचा की रायझरपाशी, यावर साईटवर वाद होतात. मी रायझरजवळ लावतो कारण हाताशी राहतो, आणि आतला गॅस काही दिवसांत सगळीकडे मिसळतो. व्हेंटमध्ये फ्लोट असतो, पाणी आलं की तो बंद होतो, त्याच्या आधी एक आयसोलेशन व्हॉल्व्ह द्या. कोल्ड स्टोरेजमध्ये व्हेंट थंड खोलीत लावू नका, गोठेल.

पहिली भरणी

सगळे लो पॉइंट ड्रेन (लाईनीच्या खालच्या टोकांचे ड्रेन) उघडून पाणी काढा, पुन्हा काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पाणी आत ठेवून नायट्रोजन भरण्यात निम्मा फायदा जातो.

मग दोन रस्ते आहेत. सावकाश रस्ता म्हणजे सिस्टीम सर्व्हिसमध्ये ठेवून पर्ज व्हेंटवर सोडून द्यायची, साधारण दोन आठवड्यांत आतला नायट्रोजन 98 टक्क्यांपर्यंत येतो. चालू इमारतीत मी हाच सुचवतो. घाई असेल तर भरा-सोडा-भरा. 2 बारला 99 टक्के नायट्रोजन भरला की आतला ऑक्सिजन 21 वरून साडेसात-पावणेआठ होतो, सोडून परत भरला की सव्वातीन, तिसऱ्यांदा पावणेदोनच्या आत, म्हणजे 98 पार. तीन भरण्यांत काम होतं. पण यात प्रत्येक वेळी ते 3420 लिटर सुटतं, आणि दाब गेला की व्हॉल्व्हही आपलं काम करायला बघणार, म्हणून मेन कंट्रोल व्हॉल्व्ह बंद, फायर पॅनल मेंटेनन्सवर, आणि सोडायचं ते लाईनीच्या शेवटच्या टेस्ट कनेक्शनला होज लावून थेट बाहेर. होज बांधून ठेवा, हातात धरू नका. झाल्यावर व्हॉल्व्ह रिसेट, मेन उघडा, टॅग काढा, पॅनल नॉर्मल, आणि हे चारही कुणीतरी दुसऱ्यानं तपासावं.

प्युरिटी सॅम्पल पोर्टवर अ‍ॅनालायझरनं मोजा, आधी मीटर बाहेरच्या हवेत 20.9 दाखवतोय ना ते बघून. जनरेटरच्या आऊटलेटला 99 आलं म्हणून खूश होऊ नका, लाईनीतलं मोजा. हे 98 नुसतं गंजापुरतं नाही. एनएफपीए 13 च्या अलीकडच्या आवृत्त्यांत कायमचा जनरेटर आणि 98 टक्के नायट्रोजन असेल तर ड्राय लाईनीतल्या स्टील पाईपाला हायड्रॉलिक हिशोबात सी फॅक्टर (पाईप आतून किती गुळगुळीत आहे त्याचा आकडा) 100 ऐवजी 120 धरता येतो, डिझायनर त्याचा फायदा घेऊन पाईप बारीक करतो. उद्या जनरेटर बंद पडून पाईप गंजला आणि प्रत्यक्षात 100 झाला तर घर्षणाचा तोटा जवळपास 40 टक्क्यांनी वाढतो. ड्रॉइंगवर 120 असेल तर ते मोठ्या अक्षरात रायझर रूममध्ये लावा.

माणसं

नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि गुदमरल्यासारखंही वाटत नाही, कारण ती भावना कार्बन डायऑक्साईड साचल्यामुळे येते आणि तो तर श्वासाबरोबर निघून जातच असतो. माणूस सरळ खाली पडतो. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डानं 1992 ते 2002 मधल्या नायट्रोजनच्या 85 घटना तपासल्या होत्या, त्यात 80 माणसं गेली.

रायझर रूममध्ये ऑक्सिजन मॉनिटर लावा, 19.5 ला आणि 23.5 ला अलार्म. नायट्रोजनचं वजन हवेच्या जवळपासच असल्यामुळे सेन्सर नाकाच्या उंचीला, दीड मीटरवर. डिस्प्ले आणि हूटर दाराच्या बाहेर हवा, आत जाऊन आकडा वाचण्यात काय अर्थ. दारावर मराठी-हिंदीत बोर्ड, नुसता इंग्रजी स्टिकर हाऊसकीपिंगवाल्या दादांना कळत नाही, आणि झाडू-बादली ठेवायला याच खोलीत सगळ्यात जास्त वेळा तेच जातात. सर्व्हिस करताना कमीत कमी दोघं, एक बाहेर. आतला पडलेला दिसला तरी बाहेरच्यानं धावत आत जायचं नाही, दार सताड उघडून फॅन चालू, मदतीला फोन, आणि श्वसनयंत्र घातलेला माणूसच आत. हे ऐकायला सोपं आहे, आपला जोडीदार समोर पडलेला असताना पाळणं कठीण, म्हणून मॉक ड्रिलमध्ये एकदा करून घ्या.

हँडओव्हर आणि पुढे

महाराष्ट्रात 2006 च्या फायर अ‍ॅक्टप्रमाणे लायसन्सवाल्या एजन्सीचा फॉर्म ए (यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचं सर्टिफिकेट) आणि नंतर दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी (ती चालू स्थितीत असल्याचं) लागतोच, जनरेटरची तपासणी त्याच फेरीत बसवून टाका. दर आठवड्याला दाब, मशीनचे रनिंग तास आणि बायपासची पोझिशन वहीत लिहायची. रनिंग तास अचानक वाढले म्हणजे लीक वाढली, हा सगळ्यात स्वस्त अलार्म आहे. महिन्याला लाईनीतली प्युरिटी, फिल्टर मॅन्युअलप्रमाणे, ऑक्सिजन सेन्सरची तारीख संपली की बदलायचा, चालू दिसतोय म्हणून ठेवायचा नाही. ट्रिप टेस्ट झाली की लाईनीत पुन्हा पाणी आणि हवा शिरलेली असते, तेव्हा लो पॉइंट ड्रेनपासून सगळं परत, आणि वहीत तारीख टाकून ठेवा की 98 परत कधी आलं.